अनावरणाचे अर्थशास्त्र आणि नाशिकचा कामगार

नाशिक जिल्ह्यात 'पिकअप' हा शब्द आता परका राहिलेला नाही. दिंडोरी-निफाडच्या शिवारातून टोमॅटोचे क्रेट घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे निघालेली, रात्री कसाऱ्याचा घाट उतरून भाजीपाला वाशीला पोहोचविणारी, बहुधा हप्त्यावर घेतलेली आणि मालक हाच चालक असलेली गाडी म्हणजे पिकअप. तिच्याविषयी येथील माणसाच्या अपेक्षा साध्या आहेत. हौद्यात माल पुरेसा मावावा, चढावर इंजिनाने दगा देऊ नये आणि महिनाअखेर हप्ता जाऊन घरात चार पैसे उरावेत, एवढेच त्याचे मागणे असते.

परंतु याच वाहनाविषयी आणखी एका वर्गाच्या अपेक्षा असतात आणि त्या सर्वस्वी निराळ्या असतात. हा वर्ग गाडी चालवीत नाही, तिच्यात माल भरीत नाही, ती घडवीतही नाही. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर येण्यापूर्वी, किंबहुना तिच्यावरील पडदा दूर होण्यापूर्वीच, तिच्यापासून मिळणाऱ्या लाभाचा हिशेब तो मांडून मोकळा होतो. हा वर्ग म्हणजे गुंतवणूकदारांचा. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या युगात त्याच्या अपेक्षांना जे महत्त्व आले आहे, ते समजून घेतल्यावाचून नाशिकच्या कामगार चळवळीला पुढील पाऊल टाकता येणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. महिंद्र अँड महिंद्र या कंपनीचा मोटारींचा मोठा कारखाना नाशिकमध्ये आहे आणि इंजिनांचा कारखाना इगतपुरीस आहे. या कंपनीने १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे 'ग्लोबल पिक अप' या गाडीचा आणि त्याच समारंभात 'थार.ई' या विजेवरील गाडीचा नमुना जगापुढे मांडला. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२५ रोजी, मुंबईत चार नमुन्यांवरील पडदे दूर झाले. त्यांपैकी 'व्हिजन एसएक्सटी' या नमुन्याला मागे पिकअपसारखा उघडा हौदा होता. ज्या नव्या सांगाड्यावर हे नमुने उभारले आहेत, तो तेल आणि वीज या दोन्हींसाठी वापरता येईल आणि त्यावरील गाड्या २०२७ पासून बाजारात येऊ लागतील, असे सांगण्यात आले. स्वातंत्र्यदिन हा भांडवलाचा अनावरणदिन व्हावा, हा काळाचा महिमा म्हणून सोडून देऊ. प्रश्न असा आहे की, जी गाडी विकत घेण्यास अद्याप दोन-तीन वर्षे आहेत, तिचे अनावरण आज कोणासाठी असते? जो माणूस आज गाडी घेऊ शकत नाही, तो या समारंभाचा मुख्य पाहुणा असू शकत नाही. मुख्य पाहुणा असतो तो समभाग घेणारा, कारण तो मात्र आजच खरेदी करू शकतो.

समभागाची किंमत कशी ठरते, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारखान्याच्या भिंती, यंत्रे आणि गोदामातील माल यांची बेरीज म्हणजे समभागाची किंमत नव्हे. पुढील अनेक वर्षांत जो नफा मिळेल अशी अपेक्षा असते, त्या नफ्याचे आजचे मोल म्हणजे ती किंमत. आमच्या द्राक्षबागाईतदारांना ही कल्पना नवी नाही. घड काढणीला येण्यापूर्वीच व्यापारी बागेचा सौदा करतो, तेव्हा तोही अपेक्षेचाच सौदा असतो. फरक एवढाच की, तेथे घड वेलीवर डोळ्यांना दिसतात, आणि येथे पुष्कळदा वेलही लावलेली नसते.

ही अतिशयोक्ती नव्हे. जुलै २०२२ मध्ये महिंद्रने आपल्या विजेवरील मोटारींसाठी स्वतंत्र कंपनी काढण्याचे ठरविले आणि ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या संस्थेने तीत १,९२५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक करण्याचे मान्य केले. त्या वेळी ही नवी कंपनी स्थापन व्हावयाची होती. तथापि तिचे मूल्य ७०,०७० कोटी रुपयांपर्यंत धरण्यात आले आणि त्या हिशेबाने ब्रिटिश संस्थेला २.७५ ते ४.७६ टक्के मालकी मिळावयाची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या संस्थेने १,२०० कोटी रुपये देण्याचे ठरविले, तेव्हा हेच मूल्य ८०,५८० कोटी रुपयांपर्यंत पोहोचले होते. म्हणजे तेरा महिन्यांत दहा हजार कोटींहून अधिक मूल्य वाढले. कंपनीच्या ज्या नव्या पिढीच्या विजेवरील मोटारींवर ही सारी भिस्त होती, त्यांचे अनावरण नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हावयाचे होते. ऑस्ट्रियन-जर्मन समाजवादी अर्थशास्त्रज्ञ रुडॉल्फ हिल्फर्डिंग याने १९१० साली 'प्रवर्तकाचा नफा' या नावाने जे वर्णिले, ते याहून वेगळे नाही. भावी नफ्याचे आज भांडवल करावयाचे आणि प्रत्यक्ष खर्च व हे कल्पित मूल्य यांतील अंतर प्रवर्तकाच्या पदरात पडावयाचे, असा तो व्यवहार असतो.

या कंपनीने लोकांना फसविले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्या चाकण येथे तयार होणाऱ्या दोन विजेवरील मोटारींची नोंदणी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदण्या झाल्या. अपेक्षांना आधार होता, असे दिसून आले. परंतु आमचा मुद्दा अपेक्षा फळल्या की फसल्या हा नाही. अपेक्षेच्या या व्यवहारात जोखीम कोण उचलतो आणि मालकी कोणाच्या वाट्याला येते, हा खरा मुद्दा आहे.

अपेक्षा फसतात तेव्हा काय होते, हे पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. विजेवरील पिकअपचे खरे नाट्य तेथेच घडले. जून २०२० मध्ये निकोला नावाच्या कंपनीच्या संस्थापकाने 'बॅजर' या विजेवरील पिकअपची नोंदणी लवकरच सुरू होणार, असे जाहीर केले. त्या घोषणेसरशी समभागाची किंमत एका दिवसात जवळजवळ दुप्पट झाली आणि एकही गाडी न विकलेल्या या कंपनीचे बाजारमूल्य काही काळ फोर्ड कंपनीहूनही अधिक झाले. बॅजर कधीच बाजारात आली नाही. संस्थापकाला ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले, पुढे चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफीही देऊन टाकली. कंपनी मात्र त्याआधीच्या महिन्यात दिवाळखोरीत गेली होती. रिव्हियन या दुसऱ्या कंपनीचे समभाग नोव्हेंबर २०२१ मध्ये ७८ डॉलरना विकले गेले आणि आठवड्याभरात त्यांनी १७० डॉलरांची मर्यादा ओलांडली. तोवर तिच्या जेमतेम दीडशे गाड्या बाहेर पडल्या होत्या आणि त्याही बहुतेक तिच्याच कर्मचाऱ्यांकडे. पुढे हेच समभाग २० डॉलरांच्या खाली आले.

केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात शेअर बाजाराला वर्तमानपत्रातील सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. तीत बक्षीस मिळते ते सर्वांत सुंदर चेहरा निवडणाऱ्याला नव्हे, तर बहुसंख्य वाचक कोणता चेहरा निवडतील याचा अचूक अंदाज बांधणाऱ्याला. अनावरणापूर्वीचा बाजार असाच चालतो. गाडी कशी असेल यापेक्षा, गाडी पाहून इतरांना काय वाटेल, यावर पैसा लागतो. म्हणूनच पडदा दूर झाल्यानंतर पुष्कळदा किंमत घसरते, कारण अपेक्षेचे रूपांतर वस्तूत झाले की अपेक्षेचा व्यापार संपतो. टेस्लाच्या पिकअपचे अनावरण २१ नोव्हेंबर २०१९ रोजी झाले. अभंग म्हणून मिरविलेली काच व्यासपीठावरच तडकली आणि दुसऱ्या दिवशी समभाग सहा टक्क्यांनी खाली आला. गाडी ३९,९०० डॉलरपासून मिळेल असे त्या रात्री सांगितले गेले होते. चार वर्षांनी ती ग्राहकाच्या हाती पडू लागली, तेव्हा तिची जाहीर झालेली सर्वांत कमी किंमत ६०,९९० डॉलर होती.

तथापि या साऱ्या कथांतील आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद कथा ओहायो राज्यातील लॉर्डस्टाऊनची आहे. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना १९६६ साली सुरू झाला. धावत्या पट्ट्याचा वेग वाढविण्याविरुद्ध १९७२ साली तेथील तरुण कामगारांनी केलेला संप जगभर गाजला होता. हा कारखाना मार्च २०१९ मध्ये बंद पडला. त्यानंतर लॉर्डस्टाऊन मोटर्स ही नवी कंपनी उभी राहिली आणि विजेवरील पिकअपचे स्वप्न घेऊन तिने तोच कारखाना घेतला. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत 'एन्ड्युरन्स' या पिकअपचे अनावरण झाले. गाव पुन्हा उभे राहणार, असा गजर झाला. ऑक्टोबरमध्ये समभाग बाजारात आले, मार्च २०२१ मध्ये आगाऊ मागणीचे आकडे फुगविल्याचा आरोप झाला, जूनमध्ये प्रमुखाने राजीनामा दिला आणि जून २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. गुंतवणूकदाराने एक समभाग विकून दुसरा घेतला असेल. परंतु ज्याचे घर, मुलांची शाळा आणि वीस वर्षांचे कसब त्या गावात रुजले होते, त्या कामगाराला आपले आयुष्य विकून दुसरे घेता येत नाही. भांडवल चल असते आणि श्रम स्थानबद्ध असतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातील वाक्य लॉर्डस्टाऊनच्या रस्त्यावर असे वाचावयास मिळते.

आता नाशिककडे परत येऊ. नाशिकचे उद्योगनगर बव्हंशी डिझेलवर उभे राहिले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्या कारखान्याला नाशिककर आजही 'मायको' म्हणूनच ओळखतात आणि ज्याचे नाव शहरातील एका चौकाला चिकटले आहे, तो आज बॉशचा कारखाना डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर यांसाठी प्रसिद्ध आहे. या मोठ्या कारखान्यांच्या भोवती सातपूर, अंबड आणि सिन्नर येथे शेकडो लहान कारखाने वाढले. विजेवर चालणाऱ्या गाडीला नोझल लागत नाही, इंजेक्टर लागत नाही, पिस्टन, क्रँकशाफ्ट, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच लागत नाही. तिचे मोल एकवटलेले असते ते विद्युतघटात, मोटरमध्ये आणि संगणकीय आज्ञावलीत. महिंद्रच्या नव्या मोटारींतील घटाचे मूळ कोश चीनच्या बीवायडी कंपनीचे आहेत. म्हणजे जे मूल्य काल अंबडच्या लेथवर निर्माण होत होते, त्यातील काही हिस्सा आज चाकणला आणि काही हिस्सा सीमेपार जात आहे.

आम्ही नाशिकमध्ये दीर्घकाळ अर्थशास्त्र शिकविले. वर्गातील कितीतरी मुलांचे वडील सातपूरला पाळीवर जात. त्यांतीलच एक जुना विद्यार्थी आज अंबडमध्ये अकरा कामगारांचा लहानसा कारखाना चालवितो. इंधनप्रणालीचे सुटे भाग तो एका मोठ्या कंपनीला पुरवितो. विजेवरील गाड्यांच्या समारंभाची बातमी वाचून तो परवा घरी आला होता. तो म्हणाला, "सर, पडदा उघडला की लोक टाळ्या वाजवतात. मी काय करू? माझ्या तर पोटात गोळा येतो. चार वर्षांनी माझा भाग लागणार की नाही, हे मला कोणी सांगत नाही. शेअरवाल्यांना मात्र दर तीन महिन्यांनी सगळं सांगतात." त्याच्या या एका वाक्यात प्रस्तुत लेखाचे सार आले आहे. गुंतवणूकदाराच्या अपेक्षेला उत्तर देण्याचे बंधन कंपनीवर असते. पुरवठादाराच्या आणि कामगाराच्या अपेक्षेला उत्तर देण्याचे कोणतेही बंधन नसते.

यावर असे म्हटले जाते की, गुंतवणूकदार पैसा घालतो, जोखीम पत्करतो, म्हणून त्याला उत्तर मिळते. हा युक्तिवाद मान्य केला, तर तो शेवटपर्यंत मान्य केला पाहिजे. पैसा केवळ तोच घालतो काय? केंद्र सरकारने वाहन उद्योगाच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये २५,९३८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महिंद्रच्या पुण्याजवळील विजेवरील मोटारींच्या १०,००० कोटींच्या गुंतवणुकीला महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या प्रोत्साहन योजनेखाली मान्यता दिली. करांतील राज्याच्या वाट्याचा परतावा, वीजशुल्कात सूट, मुद्रांक शुल्कात माफी अशा स्वरूपाच्या सवलती राज्याच्या प्रोत्साहन योजनांत असतात. हा पैसा नाशिकच्या पिकअपचालकाने भरलेल्या करातूनही येतो.

येथे एक विलक्षण विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या ब्रिटिश संस्थेचा वर उल्लेख केला, ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची आहे. टेमासेक ही सिंगापूर सरकारच्या मालकीची आहे. म्हणजे ब्रिटनच्या आणि सिंगापूरच्या सार्वजनिक पैशाला महाराष्ट्रातील कारखान्यात मालकी मिळते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक पैशाला मिळते ती समारंभाची निमंत्रणपत्रिका. त्यांचा पैसा 'गुंतवणूक' ठरतो, आमचा पैसा 'प्रोत्साहन' ठरतो. सार्वजनिक मालकी हा शब्द उच्चारताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. परदेशी सरकारची मालकी चालते, तर आपल्या राज्याच्या मालकीचेच वावडे का?

आणि कामगाराची जोखीम? केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. छाटणी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यापासून लागू होते, ते आता ३०० पासून लागू होते. छाटणी झालेल्या कामगाराच्या नव्या प्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन निधीत भरावयाचे आहे. वीस वर्षे ज्याने मायक्रॉनच्या मापात नोझल घासले, त्याच्या कसबाचे मोल पंधरा दिवस! आणि हेसुद्धा ज्याची रीतसर छाटणी होते त्यालाच. ज्याचे नाव कंत्राटदाराच्या वहीत आहे, त्याची छाटणी होत नाही. त्याला केवळ 'उद्यापासून येऊ नको' असे सांगितले जाते.

आमचा विजेवरील वाहनाला विरोध नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो आणि शहरांच्या हवेची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. यंत्रे फोडून इतिहास मागे नेता येतो, असे समाजवाद्यांनी कधीच मानलेले नाही. परंतु परिवर्तन अटळ आहे, एवढ्यावरून त्याचा भार कोणी उचलावा हे आपोआप ठरत नाही. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारपक्षाला मिळाल्या. त्यामुळे तेथील कपात थांबली असे नाही. बॉशनेच सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीत सुमारे १३,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. परंतु तेथे आकडा जाहीर होतो, त्यावर वाटाघाट होते. नाशिकच्या कंत्राटी कामगारांच्या कपातीचा आकडा जाहीर करण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

लॉर्डस्टाऊनच्या कथेलाही एक उत्तरार्ध आहे. त्याच परिसरात जनरल मोटर्सच्या भागीदारीत विद्युतघटांचा कारखाना निघाला. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील कामगारांनी प्रचंड बहुमताने संघटनेचा कौल दिला आणि २०२३ च्या संपात हे नव्या युगाचे कामगारही जुन्या मोटार कामगारांच्या राष्ट्रीय कराराच्या कक्षेत आणले गेले. पिकअपच्या अपेक्षेने गावाला काही दिले नाही, संघटनेने दिले.

या दृष्टीने आम्ही कार्यकर्त्यांपुढे काही मागण्या ठेवतो. ज्या उद्योगाला सार्वजनिक सवलती मिळतात, त्याने नव्या वाहनाच्या अनावरणाबरोबरच त्या वाहनामुळे किती कामे वाढतील, किती घटतील आणि कोठे, याचे पत्रकही जाहीर करावे. सवलत ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल तेथे राज्याने तेवढ्या समभागांची मागणी करावी आणि त्यांच्या लाभांशातून नाशिकसारख्या जिल्ह्यांसाठी परिवर्तन निधी उभारावा. या निधीत कंत्राटी कामगाराचा आणि लहान कारखानदाराचा हक्क नोंदलेला असावा. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर, विद्युतघट आणि नियंत्रणप्रणाली यांचे शिक्षण केवळ नव्या मुलांना नव्हे, तर चाळिशीतील कामगारालाही वेतनासह मिळावे. आणि पंचवटी, लासलगाव, पिंपळगाव येथील बाजार समित्यांच्या आवारात प्रभारण केंद्रे उभी राहावीत, म्हणजे विजेवरील पिकअप उद्या आलीच, तर ती केवळ मोठ्या वाहतूक कंपन्यांची न राहता एका गाडीच्या मालकालाही परवडेल.

एक काम मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहता आजच सुरू करता येईल. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि गुंतवणूकदारांसाठी दर तिमाहीला होणारी निवेदने सर्वांना पाहता येतात. आमच्या कामगार संघटनांनी ती वाचावयास शिकले पाहिजे. कोणते यंत्र कोठे जाणार, कोणत्या कारखान्यात किती पैसा घालणार, हे त्यांत दोन-तीन वर्षे आधी लिहिलेले असते. वेतनकराराच्या टेबलावर बसणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती मागील वर्षाची महागाई असते आणि समोरच्याच्या हाती पुढील पाच वर्षांचा आराखडा असतो. ही विषमता वेतनाच्या विषमतेइतकीच घातक आहे. सातपूर-अंबडच्या प्रत्येक संघटनेने दोन तरुणांना या अभ्यासासाठी मोकळे करावे. निवृत्त शिक्षक त्यांना साहाय्य करतील. आम्ही स्वतः त्यासाठी तयार आहोत.

पुढील काही वर्षांत विजेवरील पिकअप नाशिकच्या रस्त्यांवर धावू लागेल, असे मानावयास हरकत नाही. तिचा पडदा दूर होईल त्या दिवशी शेअर बाजारात अपेक्षांची बोली लागेल आणि वर्तमानपत्रे तिच्या वेगाची वर्णने छापतील. त्या दिवशी नाशिकच्या कामगाराने विचारावयाचा प्रश्न एकच आहे: या गाडीत आमच्या श्रमाला आणि आमच्या करांना जागा कोठे आहे? हा प्रश्न पडदा उघडल्यावर विचारून उपयोग नाही. तो आजच विचारला पाहिजे.